बॅटरी काढलेल्या गाडीचं इंजिन

या ग्रुपवर कोणीही अनुभव लिहिला की त्याखाली एका शब्दात "पुरावा?" असं विचारणारी एक आगाऊ मुलगी आहे ना... ती मीच. विहिरीवरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, वाड्यातले पैंजण – मी कोणालाच सोडलेलं नाही. त्यामुळे आज मी लिहितेय म्हटल्यावर तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे. विचारा. माझ्याकडेही पुरावा नाही.

आमचं घर कसं आहे ते आधी सांगते, म्हणजे हे लिहायला मला किती जड जातंय ते कळेल. बाबांचा भोरमध्ये छोटा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि उरलेल्या कागदावर पत्रकं. 'नवस नको, औषध हवं.' 'अंगात येतं म्हणजे नेमकं काय होतं?' 'साप चावल्यास आधी दवाखाना.' मला अक्षरं लागली ती या पत्रकांवर. आठवडी बाजारात बाबांच्या शेजारी उभी राहून मी ती वाटायची. पाचवीत असताना भुताला घाबरणाऱ्या तीन मैत्रिणींना मधल्या सुट्टीत स्मशानात नेऊन डबा खायला लावला होता. त्याबद्दल बाईंनी छडी दिली आणि बाबांनी शाईचं पेन.

तर मी मुक्ता. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलाय आणि गाड्या दुरुस्त करते. भोरहून उत्रोलीकडे निघालात की गाव लागायच्या आधी डाव्या हाताला पत्र्याची एक शेड दिसते, मागे भाताची खाचरं. तेच आमचं गॅरेज. आमचं म्हणजे तात्यामिस्त्रींचं.

तात्यांना शेवटची दहा-बारा वर्षं ऐकू येत नव्हतं. पण इंजिन ऐकायची त्यांची एक रीत होती. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. आवाज हाडातून थेट आत जातो – हे आठवीच्या विज्ञानात आहे, यात चमत्कार काही नाही. मूठ चावून चावून तिच्यावर तात्यांच्या दातांचे खड्डे पडले होते. डोळे मिटून ते दोन मिनिटं तसे उभे राहायचे आणि मग बोट ठेवायचे. ते बोट कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो. मी, आणि भिवा.

भिवा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यातला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शाळा आठवीपर्यंत. शांत माणूस. इतका शांत की त्याच्यावर चिडलं तर आपणच मूर्ख दिसतो. तात्या गेले त्याच्या दोन महिने आधी त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर भिवाच्या दातांत दिला. माझ्यादेखत. मीही हात पुढे केला, तर मला म्हणाले, "तुला कशाला ग? तुज्याकडं मशीन हाय की."

मशीन म्हणजे माझा स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला की बिघाडाचा कोड दाखवतो. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

तात्या गेल्यावर पंचक्रोशीत हळूहळू एक बोलणं सुरू झालं – तात्या भिवाच्या दातात येतात. भिवा स्क्रूड्रायव्हर धरतो, आणि ऐकतात ते तात्याच. आता खरं काय व्हायचं ते सांगते. बहुतेक वेळा मी आधीच स्कॅनर लावलेला असायचा. मी भिवाला सांगायची, दुसरा इंजेक्टर बघ. मग तो मूठ दातांत धरायचा, डोळे मिटायचा, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "दुसऱ्याला तरास हाय." लोक हात जोडायचे. त्याला.

एकदा कामथडीचा एक टेम्पोवाला आला.

"भिवा हाय का?"

"पालीला गेलाय. काय होतंय टेम्पोला?"

"मग बसतो."

"अहो, मी आहे ना."

"व्हय व्हय, तू हायेस की. वाईच पानी दे."

ग्रीस कोपरापर्यंत, हातात पाना... आणि मी पाणी दिलं!

मग मी पत्रक लिहिलं. 'पान्यात आत्मा नसतो.' बाबांनी मोठ्या अभिमानानं छापलं, बाजारात आम्ही दोघांनी वाटलं. नाव कोणाचं घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. मला वाटत होतं मी तत्त्वासाठी लिहितेय. प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आजही मी त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही. फक्त लिहिताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, तेवढं मी तेव्हा बघितलं नाही.

भिवानंही एक प्रत घेतली. नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली. "चांगलं लिवलंयस," म्हणाला.

मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

*

आता त्या गाडीकडे येते.

गेल्याच्या गेल्या वर्षीची घटस्थापना. काकू – तात्यांच्या पत्नी, त्यांना मूलबाळ नाही – शेडमध्ये आल्या आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं. तात्या गेल्यापासून खंडेनवमीला हत्यारांची पूजा त्याच करत होत्या, नारळ त्याच फोडत होत्या. पहिल्या वर्षी कोणीतरी कुजबुजलं होतं की विधवेनं हळदकुंकू कसं लावावं. काकू फाडकन म्हणाल्या होत्या, "पान्याला काय कळतंय माजा नवरा मेला का जित्ता हाय त्ये?" बाबांना हे वाक्य इतकं आवडलं की ते पत्रकावर घ्यायचं म्हणत होते.

तर काकू म्हणाल्या, "माजं गुडघं आता वाकत न्हाईत. यंदा नारळ तुमच्यातलं कुनीतरी एक फोडंल. ज्यो फोडंल त्यो हितला मिस्त्री. कोन त्ये म्या नवमीलाच सांगनार. तवर भांडू नगा."

"आमी कुटं भांडतोय काकू," भिवा म्हणाला.

मी स्कॅनरची वायर गुंडाळत राहिले.

हसू नका, पण मला तो नारळ हवा होता. देवधर्म न मानणाऱ्या, पूजेच्या वेळी दरवर्षी बाहेर जाऊन टायरची हवा बघत बसणाऱ्या मला, तो नारळ कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त हवा होता.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंची गाडी आली. बाई भोरला राहतात आणि आठवड्यातून तीन दिवस वेल्ह्याकडच्या पालीला दवाखाना चालवतात. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत लांबची फेरी, म्हणून त्यांनी पुण्याहून जुनी हायब्रिड घेतली होती. बारा-तेरा वर्षांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही असतं आणि बॅटरीवरची मोटरही. इंजिन गाडीच्या मर्जीनं चालू होतं, बंद होतं. तुम्ही किल्ली फिरवून त्याला बोलतं करू शकत नाही.

दुखणं असं होतं. सकाळी थंड गाडी चालू केली की पहिलं मिनिटभर इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. बॉनेट, आरसे, सगळं. मग एकदम शांत, दिवसभर काही नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मी कामाला लागले. ठरावीक पद्धतीनं पेडल दाबून इंजिन सतत चालू राहील असं केलं, स्कॅनर लावला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर – म्हणजे चारातला तिसरा नीट पेटत नाही. कॉईलची अदलाबदल केली. बिघाड तिसऱ्यालाच राहिला. नवे प्लग घातले. इंजेक्टर साफ केले. थ्रॉटल उघडलं, आतला धुराचा मार्ग काजळीनं बुजला होता तो खरवडून काढला. गाडी एक सकाळ नीट चालली आणि मी गॅरेजभर मिरवले. दुसऱ्या सकाळी पुन्हा हुडहुडी.

इंजिनच्या पाण्याचीही शंका घेतली होती. हेडखालचं गॅस्केट – म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचा पातळ थर – गळत असेल तर रात्रभरात थेंब थेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी असंच होतं. पण मग टाकीतलं पाणी कमी व्हायला हवं. रोज बघत होते, पाणी खुणेवर. एक बोटही खाली नाही. शंका सोडून दिली.

सप्तमीला डॉक्टरबाई अगदी सहज म्हणाल्या, "मुक्ता, राग मानू नकोस हं... एकदा भिवाला दाखवायचं का?"

भिवा मागे जीपखाली होता. त्यानं ऐकलं, पण बाहेर आला नाही. मला तेही लागलं. बाहेर येऊन त्यानं हात जरी लावला असता तरी मी त्याचा द्वेष केला असता, आणि आला नाही म्हणूनही केला.

मी म्हटलं, "दोन दिवस द्या मॅडम. नवमीला सकाळी सांगते."

अष्टमीच्या संध्याकाळी मी ठरवलं, सकाळी लवकर येऊन सगळं पुन्हा उघडायचं. हायब्रिड उघडायच्या आधी एक नियम काटेकोर पाळावा लागतो. मोठ्या बॅटरीचा नारिंगी प्लग ओढून काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकूनही गाडी चालू करू शकत नाही. मी प्लग काढला, खिशात टाकला. छोट्या बॅटरीची वायरही सोडवली. गाडीत आता छतातला दिवा लागण्याइतकीही वीज नव्हती. इथपर्यंतचं सगळं मी शपथेवर सांगू शकते.

*

खंडेनवमी. सकाळी सातला मी शेडचं दार उघडलं. काकू पहाटेच येऊन गेलेल्या दिसत होत्या. लांब बाकावर धुतलेलं कापड, त्यावर सगळे पाने, हातोड्या, जॅक, माझा स्कॅनरसुद्धा – ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं, झेंडूची फुलं. तुम्हाला माहीत असेल, एकदा हत्यारं मांडली की पूजा होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. मधोमध, एकटाच, तात्यांचा तो स्क्रूड्रायव्हर.

काकू नैवेद्य करायला घरी गेल्या होत्या. भिवा झेंडू आणायला बाजारात. शेडमध्ये मी एकटी. बाहेर लख्ख ऊन, खाचरांत लोंब्या आलेल्या, लांब कुठेतरी मंडळाच्या स्पीकरवर आरती.

खरं सांगते, माझ्या मनात गाडी नव्हती. मला फक्त ती मूठ एकदा दातांत धरायची होती. साडेतीन वर्षं भिवा धरत होता. आपण धरली तर कशी लागते ते बघायचं होतं... बास.

मी तो उचलला. मुठीवर खड्ड्यांची एकच रांग होती, तात्यांची. भिवाच्या दातांचा वेगळा ओरखडाही नव्हता; तोही त्याच खड्ड्यांत धरत असावा. माझे दात त्या खड्ड्यांत बसले. ओठाला हळद लागली, कडवट. हायब्रिडचं बॉनेट उघडंच होतं. मी सवयीनं टोक इंजिनच्या हेडवर टेकवलं.

इंजिन चालू होतं.

धड-धड – रिकामं – धड. धड-धड – रिकामं – धड.

मी झटकन मागे झाले. शांतता. आरती ऐकू येत होती, एक साळुंकी पत्र्यावर चालत होती. हात सपाट हेडवर ठेवला. थंडगार, निश्चल. खिसा चाचपला, प्लग खिशात. बॅटरीची वायर सुटलेली, लोंबतेय.

बाबांची मुलगी आहे मी. पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच – दुसरी गाडी असेल. रस्त्यावर जाऊन आले. एक सायकलवाला सोडला तर रस्ता रिकामा. आत येऊन टोक शेजारच्या जीपच्या इंजिनवर ठेवलं. काही नाही. बाकाच्या लोखंडी व्हाइसवर ठेवलं, काही नाही. हायब्रिडच्याच बंपरवर, काही नाही. मग स्वतःच्या हृदयाचे ठोके असतील म्हणून डाव्या हाताची नाडी धरून पुन्हा हेडवर टेकवलं. नाडी वेगळी धावत होती आणि इंजिन वेगळं. नाडी कितीतरी जोरात.

धड-धड – रिकामं – धड.

आता लिहिताना विचित्र वाटतंय, पण मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. अगदी हलका, घाणेरडा आनंद. 'माझ्याकडे आले. भिवाकडे नाही, माझ्याकडे.' या शब्दांत आला विचार. सगळी पत्रकं वाटून मोठी झालेली मी, आणि पहिला विचार हा!

टोक सरकवत गेले. पहिल्यावर ठोका. दुसऱ्यावर ठोका. तिसऱ्यावर ती पोकळी. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे टेकवलं तेव्हा ठोक्यांच्या मागे आणखी एक आवाज आला, बारीक. टप्... टप्. पाण्याचा.

तिथे मी थांबले. आणि त्याच वेळी इंजिननं एकदा छोटी रेस घेतली – घुंम्म – आणि बंद झालं.

तात्यांना ही खोड होती. गाडी बंद करायच्या आधी एकदा हलकी रेस द्यायची, मगच किल्ली फिरवायची. जुन्या डिझेल गाड्यांपासूनची सवय. मी त्यांना नेहमी म्हणायची, तात्या, पेट्रोल वाया जातं. ऐकू येत नसल्यासारखं करायचे. म्हणजे, येतच नव्हतं म्हणा.

त्यानंतर मूठ दातांत होती पण आवाज नव्हता. मग बाकावरून प्लगपानाही उचलला. नियम मोडायचाच तर पुरता मोडावा. चारही स्पार्कप्लग काढले, फोनला जोडायचा बारीक कॅमेरा माझ्याकडे होता तो एकेका भोकातून आत सोडला. बाकीच्या तिन्ही पिस्टनचे माथे काजळीनं काळे. तिसऱ्याचा घासून धुतल्यासारखा चकचकीत, आणि त्यावर पाण्याचा थेंब.

गॅस्केट. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. मी फोटो काढला, प्लग बसवले, पाना आणि स्क्रूड्रायव्हर होते तसे ठेवले. फुलंसुद्धा.

*

साडेदहापर्यंत पंचवीस-तीस माणसं जमली. काकू, डॉक्टरबाई, त्यांचे ड्रायव्हर गणूमामा, नेहमीची गिऱ्हाइकं. बाबाही आले होते. पूजेला नाही, माझ्यासाठी. दारात उभे होते.

गणूमामा हायब्रिडजवळ गेले आणि बाटलीतून टाकीत पाणी ओतायला लागले.

"मामा, काय करताय?"

"पानी घालतोय की. रोज घालतो सकाळच्याला, वाईच लागतंच. तीस वर्सं पाबे घाटात जीप चालिवली म्या, पानी बघितल्याबिगर किल्ली न्हाई लावली कदी."

"इथेसुद्धा? आठ दिवस?"

"हितं तर येकदा सांच्याला आन् येकदा सकाळच्याला, गाडी बघाया आलो का. तू आत च्या पीत असतीस तवा."

मला हसावं की रडावं कळेना. रोज पाणी गळत होतं, रोज मामा ते भरत होते, आणि मी रोज खूण बघून शंका सोडत होते. मी डोक्याला हात लावून सगळ्यांना सांगितलं – गॅस्केट, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे – आणि फोटो दाखवला. लोक हसले, मामा ओशाळले. "मग म्या काय गाडीला तान्हेली ठिवायची व्हती व्हय," असं काहीतरी पुटपुटले.

काकूंनी नारळ हातात घेतला. आधी त्या भिवाकडे वळल्या.

"भिवा, लोकं म्हनत्यात तात्या तुज्याकडं येत्यात. आज हत्यारं मांडल्याती. खरं सांग. आलं का कदी?"

भिवानं पाय बदलला. मग सरळ बघून म्हणाला, "न्हाई काकू. मला काय ऐकू आलं न्हाई. एकदाबी न्हाई. मुक्ताच्या मशीनवर यायचं, त्येच म्या सांगायचो. न्हाईतर आपलं अंदाजानं."

"आरं मग साडेतीन वर्सं बोलला का न्हाईस?" कामथडीचा तो टेम्पोवाला ओरडला. त्याला फसवल्यासारखं वाटत असावं.

"तुमी कुटं इच्यारलं? तुमी मला सांगत व्हता."

बाबांनी दारातून टाळी वाजवली. मला मात्र पायाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी मी एवढी जळले ती त्याच्याकडे कधी नव्हतीच.

काकू माझ्याकडे वळल्या. "आन् तुला ग? तुला आज कसं गावलं?"

बाबा बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आयुष्यभर वाटलेल्या कागदांचं उत्तर समोर उभं असल्यासारखे बघत होते ते.

"कॅमेऱ्यात दिसलं, काकू," मी म्हटलं.

काकू जवळ आल्या. मग पदराचं टोक धरून त्यांनी माझ्या ओठाच्या कोपऱ्यावरचं काहीतरी पुसलं. पदराला पिवळा डाग पडला. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

एका घावात फुटला. पहिली टाळी भिवानं वाजवली.

*

पुढे हेड उघडलं तेव्हा गॅस्केट बरोबर तिथेच फुटलेलं होतं, नखाएवढं. गाडी आजही पालीला जाते.

मी खूप प्रयत्न केलेत. बंद इंजिनात पाणी ठिबकण्याचा आवाज हाडातून येऊ शकतो, हे मान्य. आठ दिवस मेंदूत तेच इंजिन फिरत होतं, तो भास असेल, हेही मान्य. पण भास फक्त हेडवरच कसा झाला, बंपरवर का नाही? आणि ती शेवटची रेस? नंतर मी तो स्क्रूड्रायव्हर बंद गाड्यांवर किती वेळा लावून बघितला ते विचारू नका. काहीही नाही. एकदाही नाही.

आता गिऱ्हाइकं येतात आणि विचारतात, "मुक्तामिस्त्री हायत का? मग बसतो." मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी मी भिवावर जळतच राहिले. तीस माणसांसमोर, नारळ समोर असताना, "मला ऐकू आलं न्हाई" म्हणून तो मोकळा झाला. "मला आलं" एवढंच मला म्हणायचं होतं. दोन दसरे गेले, जमलं नाही.

म्हणून हे लिहिलं. बाबा हा ग्रुप बघत नाहीत, पण कोणीतरी दाखवेलच. त्यांना मी स्वतः सांगणार आहे, या आठवड्यात. भिवाला मात्र आधी सांगायला हवं होतं. काल दुपारी डबा खाताना त्याला हे सगळं वाचून दाखवलं.

त्याचा घास हातातच राहिला.

"काय म्हनलं तात्या?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे. नुसतं इंजिन. आणि ती रेस."

"ती रेस..." तो म्हणाला. "म्या रोज सकाळी लावायचो, मुक्ता. तू यायच्या आधी. बंद गाड्यांस्नी. साडेतीन वर्सं. वाटायचं, येकदा तरी..."

त्यानं डबा झाकला. माझ्याकडे बघितलं, आणि तो चेहरा मी लगेच ओळखला. तसला चेहरा घेऊन मी साडेतीन वर्षं त्या शेडमध्ये वावरले होते.

"तू तर मानतबी न्हाईस," तो म्हणाला, आणि उठून जीपखाली गेला.

बॅटरी काढलेली गाडी कशी चालली ते मला माहीत नाही. पण काल दुपारपासून मी त्याचा विचारही करत नाहीये. आले असतील तर माझ्याकडे का आले... त्याच्याकडे का नाही? याचं उत्तर कोणाकडे असेल तर खाली लिहा. पुरावा मागणार नाही.